मधला माणूस

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मध्ये दोन-तीन जणांनी मेल करून विचारलं, "ब्लॉग बंद केला का?" बंद नाही केला. लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं, एवढंच. पण मागच्या महिन्यात गावाकडे लग्नाला गेलो आणि आत्या एक वाक्य बोलून गेली. ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज बसलोय.

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. हळदीच्या रात्री मांडवात आम्ही पाच-सहा जण गप्पा मारत बसलो होतो. आत्यानं मला गाठलंच. "तू पुण्यात कंप्युटरचं करतूस ते ठाऊकंय रं. पर करतूस काय?"

हा प्रश्न मला गेली वीस वर्षं विचारला जातोय आणि माझं उत्तर दरवेळी फसतं. एकदा मी "सॉफ्टवेअर" म्हटल्यावर काकांनी त्यांचा बंद पडलेला मोबाइल हातात दिला होता. म्हणून या वेळी म्हटलं, आत्या, कंप्युटरच्या पण वेगवेगळ्या भाषा असतात. एका भाषेत कुणीतरी चांगलं काम करून ठेवलेलं असतं. दुसऱ्या भाषेवाल्याला ते वापरायचं असतं, पण त्याला ती भाषा येत नाही. मी त्या दोघांच्या मधलं काम करतो.

आत्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हंजी अण्णावाणी?"

मी गप्पच झालो. वीस वर्षांत मला जे सुचलं नाही ते तिनं दोन शब्दांत सांगून टाकलं.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. त्यांची शाळा निजामाच्या राजवटीतली. आज ज्याला आपण अंबाजोगाई म्हणतो, त्याचं सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. ज्या गावात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, तिथे शाळा शिकायची ती उर्दूत! घरात मराठी, शाळेत उर्दू आणि सावकाराच्या वहीत मोडी. अण्णांना तिन्ही यायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत सरकारची भाषा बदलली. जमीन तिथंच राहिली, कागदही तेच राहिले. फक्त ते वाचणारे कमी होत गेले.

त्यामुळे अण्णांच्या ओट्यावर सतत कुणी ना कुणी कागद घेऊन बसलेलं असायचं. बांधाचं भांडण, वाटणी, जुनं खरेदीखत, खासऱ्याची नक्कल. अण्णा चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद डोळ्यांजवळ न्यायचे आणि वाचायला लागायचे. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. चहा मात्र घरचाच जायचा, त्यावरून आजीची कुरकुर चालायची :)

मला लहानपणी त्यांच्या वाचण्यापेक्षा तपासण्याची गंमत वाटायची. त्यांची एक पद्धत ठरलेली होती. ते उर्दू वाचून मराठीत सांगायचे, दुसरा माणूस ते लिहून घ्यायचा. मग तो लिहिलेला मराठी कागद तिसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा आणि अण्णा समोर उर्दू कागद धरून बोट फिरवत बसायचे. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, क्षेत्र, नावं. एकेक. क्षेत्रावर तर त्यांचा विशेष डोळा. कागदावर ३.१० असं असलं की शहरात शिकून आलेला पोरगा बेधडक "तीन पूर्णांक एक दशांश" वाचायचा. अण्णा म्हणायचे, "गुंठे वाच." तीन एकर दहा गुंठे. एकराला चाळीस गुंठे, म्हणजे ते सव्वातीन एकर झाले. तीन पूर्णांक एक दशांश वाचलं की सहा गुंठे हवेत गेले. आणि गुंठ्याच्या जागी चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा आला, तर अण्णा पुढे वाचूच देत नसत. "चाळीस झाले की एकर होतो, गुंठा राहत नाही. कुठंतरी चुकलं. पयल्यापासून वाच."

आता माझं काम. कंटाळू नका, लवकर आवरतो.

आमच्या कंपनीत एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एकदा लिहून ठेवलेलं, पुन्हा पुन्हा वापरायचं काम. आमच्या लायब्ररीचं काम नावं जुळवण्याचं. या यादीतला माणूस आणि त्या यादीतला माणूस एकच का, ते ती गुण देऊन सांगते. ती सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेली आहे, कारण लाखो नावं जुळवायची तर वेग लागतो. पण ती वापरणारे लोक पायथॉनमध्ये काम करतात, नाहीतर जावामध्ये. त्यांना सी प्लस प्लसशी घेणंदेणं नसतं आणि नसावंच. मग मध्ये एक पातळ थर लागतो, जो इकडचं तिकडे नेतो आणि तिकडचं इकडे आणतो. त्याला बाइंडिंग म्हणतात. तो थर सांभाळणं हे माझं काम.

हे सगळं हातानं लिहायचं म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून यासाठी हत्यारं आहेत. आम्ही वापरतो ते स्विग. १९९५-९६ च्या सुमारास डेव्हिड बीझली या माणसानं अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत असताना ते लिहिलं. तिथल्या शास्त्रज्ञांचे जुने, अवजड सी मधले प्रोग्रॅम सोप्या भाषांतून चालवता यावेत म्हणून. त्याला मूळ लायब्ररीची वर्णनं दाखवायची, ती वाचून ते मधला थर स्वतः लिहून देतं. एकाच वर्णनावरून पायथॉनचाही आणि जावाचाही.

आपल्याकडेही या वाटेवर मोठं काम झालंय. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांचं मायावी नावाचं सॉफ्टवेअर आहे, शास्त्रीय आकडेवारीची त्रिमितीय चित्रं काढणारं. त्याच्या पोटात व्हीटीके नावाची सी प्लस प्लसची भलीमोठी लायब्ररी आहे, शेकडो क्लासेस असलेली. व्हीटीकेवाल्यांनीच असा प्रोग्रॅम करून ठेवलाय की तो त्यांच्या फायली वाचून पायथॉनचा थर तयार करतो. मायावीसोबतचं टीव्हीटीके तो थर पुन्हा वाचतं आणि पायथॉनवाल्याला सवयीचा वाटेल असा आणखी एक थर त्यावर चढवतं. म्हणजे दुभाष्याचा दुभाषी! आणि हेही यंत्रानंच. पण यात एक मेख आहे. व्हीटीकेच्या ज्या आवृत्तीवर तो थर बेतला, ती आवृत्ती बदलली की थर पुन्हा करावा लागतो, नाहीतर तो रुसतो. आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पात सायलॅबसाठी असंच काम झालंय. इपॉप्ट, सिम्फनी अशा गणिताच्या लायब्रऱ्या सायलॅबमधून वापरता याव्यात म्हणून. सायलॅबवाले या मधल्या थराला गेटवे म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. आपल्या भाषेत वेस. गावात यायचं तर वेशीतून.

तर, वेशीवर काय काय होतं?

पहिला घोळ आकड्यांचा. अण्णांच्या ३.१० सारखा. सी मध्ये 'लाँग' नावाचा आकड्याचा प्रकार आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर त्याला आठ बाइट जागा मिळते, विंडोजवर चारच. नाव तेच, माप वेगळं. चार बाइटांत २,१४,७४,८३,६४७ च्या वरचा आकडा मावत नाही. आणि आधारचा क्रमांक असतो बारा आकडी! माझ्या मशीनवर लिनक्स, तिथे सगळं सुरळीत. विंडोजवाल्याकडे तोच क्रमांक चिरडून भलताच व्हायचा.

दुसरा घोळ भांड्यांचा. आपल्याकडे भांड्यांवर नावं का घालतात? लग्नाकार्यात सगळ्यांची भांडी एकत्र होतात आणि नंतर कुणाचं पातेलं कुणी न्यायचं यावरून वाद नको म्हणून. सी प्लस प्लसमध्ये मेमरी घेतली की परत करायची जबाबदारी घेणाऱ्याची. पायथॉन आणि जावामध्ये ते काम भाषा स्वतः करते. आता सी प्लस प्लसनं भरून दिलेलं भांडं पायथॉनच्या हातात आहे. परत कोण करणार? दोघांनाही वाटलं दुसरा करेल, तर भांडी साचत जातात आणि चार दिवसांनी मशीन गुदमरतं. दोघांनीही परत केलं, तर प्रोग्रॅम जागीच कोसळतो. मधल्या माणसानं भांड्यावर नाव घातलेलं असलं पाहिजे.

तिसरा घोळ अक्षरांचा. त्यानं मला धडा शिकवला.

ज्ञानोबा हे आमच्याकडचं घराघरातलं नाव. आपण म्हणताना तीन अक्षरं म्हणतो, ज्ञा-नो-बा. युनिकोडमध्ये ती आठ चिन्हं होतात, ज, हलन्त, ञ, काना, न, ओकार, ब, काना. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे चोवीस. आमची सी प्लस प्लसची लायब्ररी बाइट मोजते. जावा आपल्या पद्धतीनं चिन्हं मोजतं. 'ज्ञानोबा तुकाराम' असं नाव दिलं, तर लायब्ररी सांगणार, दुसरं नाव पंचवीस बाइट सोडून सुरू होतं. जावाला वाटणार, पंचवीस चिन्हं सोडायची. पण सगळं नावच मुळी सोळा चिन्हांचं!

हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण माझ्या टेस्टमध्ये हे कधी दिसलंच नाही. कारण टेस्टमधली नावं मी रोमन लिपीत लिहिली होती. रमेश, सुरेश, जॉन, मेरी. रोमनमध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट. ज्ञानोबासुद्धा डी-एन-वाय-ए-एन-ओ-बी-ए, बरोबर आठ अक्षरं आणि आठ बाइट. दोन्हीकडची मोजणी जुळते. सगळं हिरवं.

त्यात मी आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. मधल्या थरात काही चूक झाली तर प्रोग्रॅम कोसळू नये, म्हणून चूक गिळून टाकायची आणि शून्य गुण द्यायचे. शून्य गुण म्हणजे "नाव जुळत नाही".

२०१९ च्या पावसाळ्यात एका ग्राहकाकडे पहिल्यांदा देवनागरीतली यादी आली. तोवर त्यांच्याकडे सगळ्या याद्या रोमन लिपीतच यायच्या. त्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या नावांपुढे आलं, "जुळत नाही". कुठे बोंब नाही, कुठे लाल दिवा नाही. प्रोग्रॅम शांतपणे चालला आणि शांतपणे खोटं बोलला. ते लक्षात यायला तीन दिवस गेले. तोवर त्या नावांच्या फायली "कागदपत्रं पुन्हा तपासा"च्या ढिगात जाऊन पडल्या होत्या. तो ढीग हातानं उपसायला माणसांना आठवडा लागला.

मी ते एका दिवसात दुरुस्त केलं. मॅनेजर काही बोलले नाहीत, उलट "लवकर सापडलं" म्हणाले. पण मला आतून फार लागलं. हा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या कुणी लिहिला असता आणि त्याला देवनागरी सुचली नसती, तर आपण त्याला नावं ठेवली असती. इथे लिहिणारा मी. ज्याच्या घरात रोज ज्ञानोबा-तुकारामाचा गजर होतो, तो. आणि चाचणीला मी घेतले जॉन आणि मेरी.

त्याच सुमाराला आमच्या मामाला एक निरोप आला होता. "आपले नाव कागदपत्रांशी जुळत नाही, मूळ कागदपत्रे घेऊन यावे." ते काम आमच्या लायब्ररीचं नव्हतं, दुसरीकडचंच होतं. पण मी तेव्हा नेमका गावी होतो. मामा सोयाबीनची खुरपणी टाकून सकाळच्या एसटीनं गेला, रांगेत उभा राहिला, जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणाले म्हणून थांबला, संध्याकाळी परत आला. त्या दिवशीची माझी फक्त एक ओळ होती त्या कोडमध्ये, चूक झाली तर शून्य. तिची किंमत काय असते ते मी मामाच्या चपलांवरच्या चिखलात पाहिलं.

आता यंत्राची गोष्ट.

तोपर्यंत नवीन आवृत्ती काढायची तर मी सगळं हातानं करायचो. पायथॉनच्या चार आवृत्त्या, लिनक्स, विंडोज, मॅक अशा तीन सिस्टिम, म्हणजे बारा बिल्ड. जावाचे तीन. एकूण पंधरा. एकाला पंचवीस मिनिटं धरली तरी सव्वासहा तास. कोणतं आधी, कोणतं नंतर, विंडोजवर कोणती फाइल हातानं कॉपी करायची, मॅकवर कोणता रस्ता बदलायचा, सगळं माझ्या डोक्यात. कुणी म्हटलं लिहून ठेव, तर म्हणायचो, "ठेवू की." खरं सांगू? मनातून बरं वाटायचं. माझ्यावाचून अडतंय, यात एक सुख असतं. लॉकडाउनमध्ये तर मी गावाकडे बसून, वीज कधी जाईल याचा अंदाज घेत, मोबाइलच्या नेटवर हे सगळं करायचो आणि त्याचा मला अभिमान होता.

एप्रिल २०२१ मध्ये मी आजारी पडलो. तेव्हा सगळ्यांच्याच घरी काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत आहे, जास्त लिहीत नाही. अठरा दिवस मी अंथरुणात होतो, त्यातले सहा ऑक्सिजनवर. त्याच काळात एका ग्राहकाला तातडीची दुरुस्ती हवी होती. कोडमधला बदल दोन ओळींचा. माझ्या हाताखालच्या मुलीनं तो पहिल्याच दिवशी करूनही ठेवला. पण पंधरा बिल्ड कसे करायचे ते कुणालाच येईना. तिनं नऊ दिवस धडपड केली. मला फोन करू नये म्हणून सगळ्यांनी तिला बजावलं होतं. बरा झाल्यावर तिचे मेसेज वाचले. एकही माझ्यावर रागावलेला नव्हता. सगळे तिच्या स्वतःवर रागावलेले होते, "मला का जमत नाहीये" असे.

आणि मला अण्णांची ट्रंक आठवली.

अण्णा १९९८ साली गेले. त्यांच्या खोलीत पत्र्याची एक हिरवी ट्रंक होती. आमचे आणि गावातल्या कितीतरी जणांनी ठेवायला दिलेले कागद तिच्यात. उर्दूतले, मोडीतले. अण्णांनी कुणालाच ते वाचायला शिकवलं नाही. आम्ही विचारलंही नाही, आणि मला वाटतं, त्यांनाही मनातून तेच सुख असावं. त्यांच्यानंतर ती ट्रंक तशीच माळ्यावर गेली. कागद तेच, अक्षरं तीच, पण घरात कुणाला एक ओळ लागत नव्हती. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या नोंदी शोधायला सरकारनं समिती नेमली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. लोक आमच्या घरीही विचारायला आले, "अण्णांकडं आमच्या आज्याचा एक कागद होता." ट्रंक होती. अण्णा नव्हते.

असो. तर बरा झाल्यावर मी पहिलं काम ते केलं. डोक्यातली एकेक पायरी काढून मशीनला वाचता येईल अशी लिहिली. आमच्याकडे जेन्किन्स होतंच, त्याला जोडून दिलं. आता कुणीही कोडमध्ये एक ओळ बदलली की पंधराही बिल्ड आपोआप होतात, टेस्ट चालतात आणि शेवटी हिरवा नाहीतर लाल दिवा लागतो. शिवाय रोज रात्री दोन वाजता, कुणी काही बदललं नसलं तरी, सगळं पुन्हा एकदा. कारण आपण बदललो नाही तरी आजूबाजूचं बदलतच असतं.

हे करताना दोन गोष्टी शिकलो, त्या ब्लॉगवरच्या प्रोग्रॅमर मंडळींसाठी लिहून ठेवतो.

एक, बिल्ड जुन्या घरात करायचा आणि टेस्ट परक्या घरात. लिनक्सवर नव्या सिस्टिमवर बांधलेलं जुन्या सिस्टिमवर चालेलच असं नाही, पण जुन्यावर बांधलेलं बहुतेक नव्यावर चालतं. म्हणून पायथॉनवाल्यांनी २०१६ मध्ये मेनीलिनक्स नावाचा करारच केला, की सगळ्यांनी एका ठरावीक जुन्या सिस्टिमवर बांधायचं. सुरुवातीला ती सेंटओएस ५ होती. सीआयबिल्डव्हील हे हत्यार आता हे सगळं करून देतं, आणि बांधून झालेलं पॅकेज कोऱ्या वातावरणात बसवून तिथे टेस्ट चालवतं. स्वतःच्या मशीनवर टेस्ट करणं म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकाला स्वतःच छान म्हणणं. आपल्या घरात लागेल ते सगळं आधीच पडलेलं असतं.

दोन, टेस्ट वेशीवर लावायच्या. सी प्लस प्लसच्या टेस्ट सी प्लस प्लसवाल्यांकडे असतात. मधल्या माणसानं तपासायचं ते जाऊन परत येणं. नाव इकडून द्यायचं, तिकडे पोचवायचं, तिकडून परत आणायचं आणि अक्षर-अक्षर ताडून बघायचं. रिकामं नाव, खूप लांब नाव, बारा आकडी क्रमांक, तेच काम लाख वेळा करून मेमरी वाढते का ते बघणं, आणि मुद्दाम चूक करून ती गिळली न जाता वर येते का ते बघणं. अण्णांची सगळी पद्धत. वाचा, लिहा, परत वाचा, बोट फिरवा. चाळीस गुंठे आले की थांबा.

पण यंत्र बसवलं म्हणून जिंकलं असं नाही हो. २०१९ मध्ये हे यंत्र असतं, तरी त्यानं रोज रात्री दोन वाजता पंधरा मशीनवर जॉन आणि मेरीच तपासले असते आणि पंधरा हिरवे दिवे लावले असते. न थकता, न विसरता तपासायचं काम यंत्राचं. काय तपासायचं ते सांगायचं काम आपलं. त्यातून सुटका नाही.

म्हणून मी नावं बदलली. कपाटात चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका पडलेली होती, २०१९ चीच. आमच्याकडची पत्रिका म्हणजे छोटी मतदारयादी असते. निमंत्रक, प्रेषक, मामा, आत्या, बच्चेकंपनी, समस्त गावकरी. ह.भ.प., कै., चि.सौ.कां., श्रीमती, सगळ्या उपाध्यांसकट. एका रविवारी बसून ती सगळी नावं टाइप केली आणि टेस्टमध्ये घातली. जॉन आणि मेरीलाही ठेवलं, पाहुणे म्हणून.

पहिल्याच रात्री लाल दिवा! अडलं होतं 'कुऱ्हाडे' या नावाला. हा अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. दुसरा म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत वेगळे. युनिकोडची एकरूप करण्याची जी ठरलेली रीत आहे, तीही या दोघांना एक करत नाही. जुन्या मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांना 'तुमचा र्‍ह माझ्याकडे तुटलेला दिसतो' हे वाद आठवत असतील. तो नियम मग आम्ही हातानं घातला. मामाचं नाव का जुळलं नव्हतं, त्याचं कारणही बहुधा हेच. मामाचं आडनाव सांगत नाही, पण त्यात हा ऱ आहे.

आता पंधराचे चोवीस बिल्ड झालेत. मॅकची दोन घरं झाली, पायथॉनच्या आवृत्त्या वाढल्या. माझ्या हाताखालची ती मुलगी आता ते सगळं बघते. मागच्या दिवाळीत मी दहा दिवस गावी होतो, त्यात दोन आवृत्त्या निघाल्या आणि मला फोन आला नाही. खोटं कशाला सांगू, थोडं चुकचुकल्यासारखं झालं :)

त्या दहा दिवसांत ट्रंक खाली काढली. पुतणी मोडी शिकतेय, बीडचे एक निवृत्त शिक्षक उर्दू वाचून देतात. मी प्रत्येक कागदाचा फोटो काढतो, ते वाचतात, पुतणी लिहिते, बाबा मोठ्यानं परत वाचतात आणि गुरुजी बोट फिरवतात. आतापर्यंत एकवीस कागद झाले. काही वाळवीनं खाल्लेत, ते गेले ते गेले. तीन कागद ज्यांचे होते त्यांच्या घरी पोचवले.

मांडवात आत्याला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "हो आत्या, अण्णांसारखंच. आणि तुझं नाव पण आहे माझ्या कामात. रोज रात्री दोन वाजता चोवीस मशीन तुझं नाव वाचतात, लिहितात आणि परत वाचून बघतात."

"माझं?" आत्या हसायला लागली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "नीट लिव्हलंय ना पर? शाळंच्या दाखल्यावर चुकीचं हाय माझं."

दाखला मागवलाय. तेही नाव टेस्टमध्ये घालायचंय.